गलबताचं चौथं वर्ष

आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत आरत्या दोन होत. एक देवाची, ती सगळ्यांच्याच घरी होते. दुसरी आमच्या पडवीत, जेवणं उरकल्यावर, सुपारी कातरता कातरता, गलबत क्लबाची. पहिलीला झांजा वाजायच्या, दुसरीला शांतूकाकाचा तळहात. पहिलीच्या वेळी मी हात जोडून उभी असायची खरी, पण लक्ष दुसरीकडेच असायचं. आईला ते कळत होतं. ती मागून टपली मारायची आणि मी पुन्हा देवाकडे बघायची.

गलबत म्हणजे मुंबईतला फुटबॉलचा क्लब. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या आणि आसपासच्या गावांतली जी माणसं गोदीत कामाला होती त्यांनी तो काढला होता. छातीवर गलबताचं चित्र, हिरवी जर्सी. जर्सी म्हणजे साधे बनियन, घरच्या बायकांनी हंड्यात रंग उकळून बुडवलेले. मुंबईची लीग भर पावसात चालायची, आणि पाऊस लागला की तो रंग खाली पांढऱ्या चड्ड्यांवर उतरायचा. दुसऱ्या क्लबांची माणसं आमच्यांना ‘पालेभाजी’ म्हणायची. या पालेभाजीने चार वर्षं पहिल्या डिव्हिजनमध्ये काढली. त्याआधी क्लब कुणाला माहीत नव्हता, नंतर कुणाच्या लक्षात राहिला नाही. पण त्या चार वर्षांवर आमच्या वाडीतले पुरुष पुढचा सगळा जन्म जगले असं मी म्हटलं तर त्यात फार खोटं नाही. माझे बाबा या क्लबाचे गोली होते.

मी मात्र बाबांना खेळताना कधी पाहिलेलं नव्हतं. मी पाळण्यात होते तेव्हाच ती चार वर्षं संपली. आणि बाबा तरी कुठे घरी असायचे? ते गोदीत क्रेन चालवायचे, गणपतीला आणि मे महिन्यात घरी यायचे, उरलेलं वर्ष त्यांची फक्त मनीऑर्डर यायची. बोलायलाही ते कमीच. आल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, ‘वाढलंस गो’ म्हणायचे आणि विहिरीवर आंघोळीला जायचे. त्यामुळे मला माझे बाबा जे काय कळले ते बाबलमामाच्या तोंडून. बाबलमामा आईच्या माहेरचा, नात्याने लांबचा. स्वतः एक दिवस खेळला नाही, पण गलबताचा एकही सामना त्याने चुकवला नव्हता. छत्री नसायची, गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन तो रेषेपाशी उभा राहायचा आणि रेफ्रीला शिव्या द्यायचा. एवढ्या भांडवलावर तो आमच्या पडवीत राजा होता.

तो सांगायला लागला की मी माजघराच्या उंबऱ्यावर भांडी पुसायला घ्यायची. एक तांब्या पुसायला मला अख्खा हाफ टाइम लागायचा. आत चुलीवर काळ्या वाटाण्याची उसळ रटरटत असायची, आई वडे थापत असायची, तेलाचा आणि ओल्या नारळाचा वास पडवीपर्यंत जायचा, आणि बाहेर बाबलमामाचा आवाज चढत जायचा. ‘डावीकडनं त्येंचा उंच पोरगा सुटला. आपला फुलबॅक चिखलात आडवा. आता फक्त वसंता!’ इथे तो थांबायचा. सुपारीचं खांड तोंडात टाकायचा. ‘वसंतानं काय केलान? वसंतानं टाचा उचललान.’ टाचा उचलल्या म्हणजे झालंच. बाबांची ती सवय होती, झेप घ्यायच्या आधी क्षणभर दोन्ही टाचा जमिनीपासून सुटायच्या, आणि एकदा त्या सुटल्या की बॉल कुठूनही येवो, हातातच. ते खोटं नव्हतं हे मला ठाऊक होतं, कारण मे महिन्यात आंबे काढताना मी ते बघितलं होतं. वर चढलेला गडी शेंड्याकडचे आंबे खाली टाकायचा आणि बाबा टाचा उचलून एकेक झेलायचे. त्यांच्या हातून निसटून डाग लागलेला आंबा मला आठवत नाही.

आणि बॉलचा आवाज काढायचा तो शांतूकाका. शांताराम, गलबताचा फुलबॅक, बाबांच्याच वयाचा, पऱ्याच्या, म्हणजे आमच्या ओढ्याच्या, पलीकडे राहणारा. बाबलमामा ‘मारलान’ म्हणाला की शांतूकाका पडवीतल्या बाकड्यावर तळहात आपटायचा. तो आवाज हुबेहूब ओल्या चामड्याचा. हलका पास असेल तर बोटांनी, उंच मार असेल तर सगळ्या पंजाने, आणि बॉल खांबाला लागला तर तो मागचा लाकडी खांबच ठोकायचा. बोलायचं काम मामाचं, वाजवायचं काकाचं. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पण त्या दोघांतला एक नसला तर सामना उभा राहत नसे, हे पुढे एका वर्षी आम्हाला कळलं.

माझा नातू हल्ली मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा क्लबाचे सामने बघतो. मध्यंतरी तो क्लब वरच्या लीगमधून खाली गेला तर पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. मी जवळ बसले तर म्हणाला, ‘आजी, तुला नाही कळणार.’ मनात म्हटलं, बाळा, खाली गेलेल्या क्लबाच्या पंगतीत वडे वाढून माझे हात भाजलेत.

बाबलमामा चारही वर्षं क्रमाने सांगायचा. पहिलं वर्ष कौतुकाचं, दुसरं भांडणांचं. तिसऱ्या वर्षी गलबताने लीग जिंकणाऱ्या क्लबाला हरवलं होतं आणि त्या सामन्याचा बॉल बाबांनी घरी आणला होता. तो आमच्याकडे भाताच्या कणगीत पुरून ठेवलेला असे, दमट हवेने चामडं कुजू नये म्हणून. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. ‘ज्या भाताचो नैवेद्य व्हायचो त्या भातात चामडा ठेवताहात,’ ती म्हणायची. बाबा म्हणायचे, ‘भात सालीत असतो, तांदळाला काय लागत नाय.’ तरी दरवर्षी आई तेच वाक्य नव्याने म्हणायची.

मग यायचं चौथं वर्ष. ते आधी नीट सांगायला हवं. लीग एरवी गणपतीच्या आधी संपायची. त्या वर्षी पावसाने मैदानाचं तळं झालं, सामने पुढे ढकलत ढकलत गलबताचा शेवटचा सामना आला तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी. तो बरोबरीत सोडवला तरी क्लब वर राहणार होता. हरला तर खाली. आमच्या भावकीचा गणपती एकच, तो आमच्या घरात बसतो, पण पूजेला बसायची पाळी चार घरांत फिरते. त्या वर्षी ती पहिल्यांदा बाबांवर आली होती. पाळी चुकवली तर देव काय करील ते पुढचं, भावकी काय करील ते आधी. शिवाय मी झाले होते आणि बाबांनी मला अजून बघितलं नव्हतं. त्यांनी मनाशी हिशेब केला की एक मी गेलो तर काय बिघडतं, बाकीचे आहेत. कुणाला न सांगता ट्रंक उचलली आणि एस्टी गाठली. एस्टीत बघतात तर पुढच्या बाकावर सेंटर फॉरवर्ड. मागच्यावर दोन हाफबॅक. आणि टपावर सामान चढवून घामाघूम होऊन आत येतोय तो राखीव गोली. प्रत्येकाने तोच हिशेब केला होता. बाबा एकदाच त्याबद्दल बोलले होते, की सगळे एकमेकांकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर बघायला लागले. कंडक्टरने घंटी दिली. कुणी उतरलं नाही. गणपतीला गाव गाठायचं नाही हे आमच्या माणसांच्या डोक्यातच येत नाही, हे मी अभिमानाने सांगत नाही आणि लाजेनेही नाही. तसं आहे, इतकंच.

शांतूकाका मात्र राहिला. त्याच्या घरी तर म्हातारी आई आणि गणपती, दुसरा पुरुष नाही. त्याने त्याच रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं होतं, सामना संपला की निघायचं, चतुर्थीला दुपारपर्यंत पोचायचं. राखीव धरून गलबताची नऊच माणसं मैदानात उतरली आणि गोलात उभा राहायला कुणी नाही म्हणून फुलबॅक शांताराम उभा राहिला. नऊ जणांनी शेवटपर्यंत गोल होऊ दिला नाही. अगदी शेवटी डावीकडून एक साधा मार आला, जमिनीलगत. बॉल भिजून बुळबुळीत झालेला. शांतूकाकाने तो धरला, तो हातांतून निसटला आणि पायांमधून मागे गेला. क्लब खाली गेला तो गेलाच. त्या रात्री बाबलमामा गाडीच्या खिडकीतून त्याला हाका मारत राहिला, पण शांतूकाका ट्रंकेवर बसून राहिला, चढला नाही. त्याच्या घरचा गणपती त्या वर्षी शेजाऱ्याच्या हातून बसला.

या सामन्यापाशी आला की बाबलमामाचा आवाज खाली यायचा, आणि शेवटी एक सुस्कारा टाकून तो म्हणायचा, ‘वसंता असता तर…’ मग पडवीतले सगळे माना हलवायचे. ‘वसंता असता तर धरला असता.’ ‘डोळे मिटून धरला असता.’ बाबा त्या वेळी उठून बाहेर पान थुंकायला जायचे. शांतूकाका हसायचा. मी तांब्या पुसत मनात म्हणायची, वसंता असता तर! माझे बाबा! माझी छाती अशी भरून यायची. पोरवयात माणसाला दुसऱ्याचं हसू खरंच वाटतं.

मी आठवीत होते त्या वर्षी बाबलमामाचा नवा जावई राजापूरहून आला होता. त्याने सगळं पहिल्यांदाच ऐकलं, तोंड उघडं टाकून. ‘वसंता असता तर’ झाल्यावर त्याने सरळ मनाने विचारलं, ‘मग गोलात होता कोण?’

‘हा काय, समोर बसलाय,’ बाबलमामा म्हणाला. ‘त्यालाच इचार, बॉल खयसून गेला तो.’

पडवी हसली. शांतूकाकाही हसला. तो बाकड्यावरून उठला, वाकून पाय फाकले आणि दोन्ही हातांनी दाखवलं, ‘हितनं.’ मग तर लोकांची हसून पुरेवाट झाली. जावयाने डोळे पुसले. थोड्या वेळाने ‘म्हशीला चारा घालायचा हाय’ म्हणून शांतूकाका गेला. मी कप उचलायला गेले तर त्याचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

आईने तो कप माझ्या हातातून घेतला. मग बाबांना म्हणाली, आणि मुद्दाम हळू आवाजात नाही, ‘तुमी देवाला आलात, तुमचा कवतिक. तो ऱ्हायला, घरचा गणपती सोडून ऱ्हायला, त्याची टिंगल. असा कसा वो तुमचा खेळ?’ बाबा सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला.

पुढच्या वर्षी सगळी आली, शांतूकाका आला नाही. मुंबईहून गावात आला होता, त्याच्या घरी गणपती बसला होता, पण आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. पाय दुखतो असा निरोप. गणपतीच्या डोक्यावर मंडपी टांगायला दरवर्षी तो यायचा, तिला कवंडळांसारखी रानफळं नि सुपारीचे घोस बांधायची त्याची गाठ वेगळी असायची. त्या वर्षी मंडपी एका बाजूला कललेली राहिली आणि आई येता-जाता तिच्याकडे बघत राहिली. संध्याकाळी बाबलमामाने पहिलं वर्ष सुरू केलं. ‘मारलान!’ म्हणाला आणि थांबला. आवाज नाही. जावयाने पुढे होऊन बाकडं बडवून पाहिलं, तर सुपारी फोडल्यासारखं काहीतरी वाजलं. दुसऱ्याने पाहिलं, जमलं नाही. बाबलमामा तिसऱ्या वर्षापर्यंत रेटत गेला आणि मग म्हणाला, ‘आज घसा बसलाय.’ त्याचा घसा कधी बसत नसे. माणसं लवकर घरी गेली.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी बाबांनी आईकडून केळीच्या पानात वडे बांधून घेतले आणि मला म्हणाले, ‘चल गो.’ आम्ही पऱ्या ओलांडून शांतूकाकाच्या घरी गेलो. दुखरा पाय घेऊन काका घरावर चढला होता, कौलं शेकारत होता.

‘पाय कसा हाय रे?’ बाबांनी खालून विचारलं.

‘बरा हाय.’

‘वर चढलास म्हंजे बराच असनार.’

काका खाली उतरला नाही. एक कौल काढायचा, पुसायचा, तिथेच बसवायचा. मला वाटलं आता आम्ही परत जाणार. मग काकाच बोलला, कौलाकडे बघत. ‘वसंता, मी येतो. तीन वर्सां सांगा, हात तुटंसतवर वाजवतो. पन चवथा नको. मना आता हसायला जमत नाय. इतकी वर्सां हसलो, आता तोंड दुखता.’

बाबांना बोलता येत नसे. समोरून येईल ते धरायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ते वर बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, ‘आज इसर्जनाला ये. नुसता ये. माज्यासाठी.’ आणि वड्यांची पुडी पायरीवर ठेवून वळले. वाटेत पऱ्यात उतरताना त्यांनी माझा हात धरला. मी नववीतली घोडी, मला हात धरायची गरज नव्हती. तरी त्यांनी धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर आई देवापाशी गुंतली होती तेवढ्यात त्यांनी कणगीतून बॉल काढला. सायकलच्या पंपाने हवा भरली. तो टोपलीत ठेवला, वर केळीचं पान, पानावर खोबऱ्याची आणि साखरेची खिरापत, आणि टोपली माझ्या डोक्यावर दिली. ‘आईस सांगू नको,’ एवढंच म्हणाले. त्या वर्षीची खिरापत मी किती जपून नेली म्हणून सांगू!

ओहोटी लागली होती. समुद्र अजून पावसाळ्यातला, गढूळ, पण पाणी मागे गेलेलं आणि वाळू घट्ट, पाय न रुतणारी. उत्तरपूजा झाली, गाऱ्हाणं झालं, गणपती पाण्यात गेला. रिकाम्या पाटावर मूठभर ओली वाळू घेऊन माणसं परत फिरली. शांतूकाका आला होता, पण सगळ्यांच्या मागे, हात टॉवेलात गुंडाळून. खिरापत वाटून झाली आणि टोपलीतून बॉल बाहेर आला तेव्हा बाबलमामा म्हणाला, ‘आयला!’ देवासमोर तो कधी शिवी देत नसे, पण देव तोवर गेला होता.

बाबांनी दोन बत्त्या वाळूत अंतर ठेवून उभ्या केल्या. अजून उजेड होता, बत्त्या पेटवलेल्या नव्हत्या. ते दोन्हींच्या मध्ये जाऊन उभे राहिले, धोतर वर खोचलं, आणि म्हणाले, ‘बाबल, चवथा वरीस सांग. शेवटचा मार. शांतू, तू मार.’

‘मी?’ शांतूकाका म्हणाला.

‘तूच. सगळी म्हनतात वसंता असता तर. आता हाय वसंता. मार.’

कुणी हसलं नाही. बाबलमामाला पहिल्यांदा शब्द जुळेनात. मग तो लागला सांगायला, आणि सांगता सांगता आवाज सापडला. चिखल, अंधारून आलेलं आभाळ, गलबताची नऊ माणसं, हिरवा रंग पोटऱ्यांपर्यंत उतरलेला. ‘डावीकडनं… जमिनीलगत…’ शांतूकाकाने बॉल वाळूत ठेवला. मी टोपली छातीशी धरून पुढे जाऊन उभी राहिले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझे बाबा गोलात उभे होते आणि मला ते डोळे भरून बघायचे होते. आता ते टाचा उचलतील, मी मनात म्हणत होते. आता.

शांतूकाकाने बॉल मारला. तो वाळूवरून सरळ बाबांकडे आला. बाबा वाकले, हात खाली केले, बॉल हातांना लागला, निसटला, आणि पायांमधून मागे समुद्राकडे गेला. बाबा त्याच्यामागे वळताना तोंडावर पडले.

टाचा उचलल्या नव्हत्या. मी बघत होते, माझी नजर तिथेच होती. त्या वाळूत चिकटलेल्या होत्या.

बाबा उठले. मिशीला वाळू लागली होती. ती न पुसता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, आणि इतक्या मोठ्याने मी त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ‘बगितलात? ह्यो मार माज्याच्यानंबी अडला नसता. बाबल, आजपासनं माजा नाव घेव नको. नऊ मानसांत सामना शेवटपतूर नेलान, तो ह्येनं नेलान.’

बाबलमामा तोंड मिटायचं विसरला होता. शांतूकाका आधी हसला, नेहमीसारखा. मग ते हसू फिसकटलं आणि तो वाळूत उकिडवा बसून टॉवेलात तोंड घालून रडायला लागला, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. बाबा त्याच्याशेजारी जाऊन बसले. बॉल लाटेत गेला तो जावयाने कमरभर पाण्यात शिरून आणला.

मी त्या संध्याकाळी बाबांशी बोलले नाही. रागावले होते. जन्मात एकदाच त्यांना गोलात बघायला मिळालं आणि त्यांनी गोल जाऊ दिला. घरी पाय धुवायला पाणी घालताना मात्र राहवलं नाही. विचारलं, ‘टाचा का नाय उचललात?’ त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. ‘वाळू वली होती गो,’ म्हणाले आणि तांब्या माझ्या हातातून घेतला. आत आईला खिरापतीच्या टोपलीत बॉल सापडला होता आणि ती देवाचं नाव घेऊन आम्हा दोघांचा उद्धार करत होती.

पुढच्या वर्षापासून शांतूकाका खांबाजवळचं कोपऱ्यातलं टोक सोडून बाकड्याच्या मध्ये बसायला लागला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आणि बाबलमामाचं चौथं वर्ष असं काही रंगायला लागलं की पहिली तीन त्याच्यापुढे फिकी पडली. नऊ माणसं, साचलेलं पाणी, फुलबॅक गोलात, एकामागून एक मार अडवतोय, काकाचा तळहात बाकड्यावर धाड धाड वाजतोय. शेवटचा गोल व्हायचा तो व्हायचाच, पण त्याआधी पडवी उठून उभी राहायची. बाबा आता पान थुंकायला बाहेर जात नसत. ते बसून ऐकायचे आणि सगळ्यांच्या आधी मान हलवायचे.

बाबा गेले, त्यांच्या मागोमाग बाबलमामाही गेला. त्यानंतरच्या एका गणपतीत मी सासरहून आले होते. दुपारची पडवी रिकामी होती आणि शांतूकाका एकटाच बाकड्यावर बसला होता. मी चहा दिला. तो संपवला, कप खाली ठेवला, मग म्हणाला, ‘बाय, तुज्या बाबानं त्या दिवशी जानून सोडलान.’

मी म्हटलं, ‘तुला ठाऊक होतं?’

‘मारला कुनी? मीच ना? मी हळूच मारला होता गो. येकदम हळू, वसंतानं धरावा म्हनून. इतकी वर्सां लोका त्येचा नाव काढीत होती, म्हटला सगळ्यांसमोर पडू नये, त्येचा मोठेपन ऱ्हावा. तसलो बॉल तू पन धरला असतास. तो हातांतनं गेला तवाच मी समजलो.’ त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. ‘गोल कोनामुळं झाला ह्याचा मना आता काय? माज्यासाठी वसंता हरला. तेवढा पुरला मना.’

ज्या बाबांवर मी त्या संध्याकाळी रुसले होते ते मला आत्ता, या क्षणी, हवे होते, आणि ते नव्हते. मी बाकड्यावर काकाच्या शेजारी बसले. आत माझ्या वहिनीने वडे तळायला घेतले होते, तेलाचा वास येत होता. सगळे सामने मला पाठ होते, इतकी वर्षं तांब्या पुसत ऐकलेले. मी म्हटलं, ‘काका, हात वाजतो ना अजून?’

त्याने तळहात धोतराला पुसला. मी पहिल्या वर्षापासून सांगायला लागले.